जुना गेम दुकानातनं काढू नका, मग नव्याचं बघू: रिमास्टर विकणाऱ्यांना कोल्हापुरातनं खुलं पत्र

प्रति,
जुने आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचे, गोष्टीवाले) गेम नवा रंग मारून परत विकणारे समस्त पब्लिशर, स्टुडिओ आणि त्यांचे भाव ठरवणारे साहेब लोक,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, त्याला इलाज नाही. तुमचे गेम तरी कुठं मराठीत असतात, तरी आम्ही इतकी वर्षं खेळालोयच की. आख्खा प्लेनस्केप टॉरमेंट डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढलाय, आमच्या आईला वाटायचं पोरगं इंग्लिशचा अभ्यास करालंय, आणि खरं सांगायचं तर ते फार चुकीचं पण नव्हतं. तर लावा कुणाला तरी कामाला आणि वाचून घ्या.

मुद्दा असा आहे की आमच्या इथं राजारामपुरीत पोरं मला सारखी विचारत्यात, "दादा, ऑब्लिव्हियनचं रिमास्टर घेऊ काय न्हाई?" कधी ऑब्लिव्हियन असतं, कधी मास इफेक्ट, कधी डियाब्लो, प्रश्न तोच. यातली निम्मी पोरं मूळ गेम आला तवा दुपट्यात होती. आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देतो, कारण एका वाक्यात उत्तर देता येईल असं तुम्ही काही ठेवलेलंच नाही. एक कंपनी जीव ओतून काम करते, दुसरी जुने फोटो सॉफ्टवेअरमधनं मोठे करून घेते आणि ठोकते किंमत, आणि दोन्हींवर लेबल एकच, रिमास्टर. मग म्हटलं पोरांना सांगण्यापेक्षा थेट तुम्हालाच लिहावं.

आधी चांगलं बोलतो, म्हणजे नुसतीच शिव्या द्यायला बसलाय असं वाटायला नको. डियाब्लो २ रिसरेक्टेड. मूळ गेम २००० चा, चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, एक्स्पान्शन म्हणजे जोडभाग आल्यावर ८०० बाय ६००. रिसरेक्टेड २०२१ च्या सप्टेंबरात आला आणि त्यात एक गोष्ट अशी केलीय की त्यासाठी मी कुणाच्याही पाया पडीन: कीबोर्डवरचं जी दाबायचं, की खेळता खेळता तिथल्या तिथं जुना गेम दिसतो, परत दाबायचं की नवा. तोच राक्षस, तीच जागा, तोच घाव. मी पहिल्यांदा दाबलं तवा हबकलोच, कारण आमच्या डोक्यातला डियाब्लो कायम नव्यासारखाच दिसत होता, आणि प्रत्यक्षात बघतोय तर सगळे ठोकळे ठोकळे. पण त्या बटणाचा खरा फायदा वेगळा आहे. काय काम केलंय आणि कशाला हात लावलेला नाही, ते गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येतं. आतलं गणित जुनंच ठेवलं, वर सगळ्या कॅरेक्टरसाठी एक सामायिक पेटी दिली, सोनं आपोआप उचललं जातं, बास. पूर्वी एका कॅरेक्टरची तलवार दुसऱ्याला द्यायची म्हणजे तिसरा माणूस मध्ये उभा करायला लागायचा, तो सगळा वैताग गेला. असं काम केलं की आम्ही पैसे देतो हो, कुरकुर न करता देतो.

आणि त्याच गेममधनं तुम्ही लॅन काढून टाकलं! जुन्या डियाब्लोत एकमेकांच्या मशीनचा आयपी पत्ता टाकून आपल्या आपल्यात खेळता यायचं, नेट नसलं तरी. इथल्या कॅफेत चौघं एका ओळीत बसून खेळायचो, एकाच्या मशीनवर गेम होस्ट, बाकीचे जॉइन, आणि जो आधी मरेल त्यानं चहा सांगायचा. रिसरेक्टेडमध्ये टीसीपी आयपीची ती सोय नाही, तुमच्या सर्व्हरवरनंच खेळायचं. सुरक्षेचं कारण सांगितलंत, असेल, पण चार मशीन एका टेबलावर आहेत आणि गेम मात्र समुद्रापलीकडं जाऊन परत येणार, हे काय पटत नाही.

आता ऑब्लिव्हियन. मूळ २००६ चा, रिमास्टर २२ एप्रिल २०२५ ला आलं, तेही जाहीर केलं त्याच दिवशी विक्रीला. उद्यमनगरात जुन्या गाडीची बॉडी नवीन करून देणारी माणसं आहेत, ती चांगली माणसं असली तर आधीच सांगतात की साहेब, इंजिन तेच आहे हां. इथं तसंच आहे, आणि गेमची मूळ कंपनी बेथेस्डानं ते लपवलं नाही हे त्यांचं चांगलंच म्हणायचं: वरचं दिसणं अनरिअल इंजिन ५ चं, आत २००६ चंच मशीन फिरालंय. व्हर्चुओस नावाच्या कंपनीनं काम केलंय. त्यामुळं जुनी मजा तशीच आहे आणि जुने घोळही तसेच आहेत. मूळ गेममध्ये एक एल्फ बाई बोलता बोलता चुकते आणि थांबा, हे परत एकदा घेते, असं म्हणून वाक्य पुन्हा सुरू करते. रेकॉर्डिंगमधली चूक, कुणीतरी कापायला विसरलं. ते रिमास्टरमध्ये मुद्दाम तसंच ठेवलंय. हे ज्यानं ठेवायचं ठरवलं त्याला गेम कळलाय, विषय संपला.

बदललंय काय तर लेव्हल वाढायची पद्धत. जुन्यात मोठा विनोद होता, तुम्ही ज्या गोष्टी सारख्या वापरता त्याच मुख्य स्किल म्हणून निवडल्या तर तुमची लेव्हल भराभर वाढायची, पण ताकद तेवढी वाढायची नाही, आणि शत्रू मात्र तुमच्या लेव्हलप्रमाणं तगडे होत जायचे. म्हणजे हुशार खेळाडूनं जे येत नाही तेच मुख्य म्हणून निवडायचं! आम्ही कागदावर रेघा मारून हिशेब ठेवायचो की या लेव्हलला किती उड्या मारल्या आणि किती मार खाल्ला. आता प्रत्येक लेव्हलला १२ पॉइंट हातात देतात, तुम्हाला हवे तिथं टाका. लई बरं झालं. शत्रू आपल्याबरोबर वाढायचं मात्र बऱ्यापैकी तसंच ठेवलंय, त्यामुळं रस्त्यावरचा लुटारू अजूनही अंगावर काचेचं महागडं चिलखत घालून शंभर नाणी मागतो. अरे मर्दा, ते चिलखत विक की, घर होईल तुझं.

पण मग पोरगं विचारतं घेऊ काय, तर मी आधी विचारतो, मशीन कोणतं आहे तुझं. कारण तुमच्या रिमास्टरची खरी किंमत त्या पानावर लिहिलेली नसते. तिकडं ४९.९९ डॉलर लिहिलंय, डॉलर ८५ च्या आसपास धरला तरी ४,००० च्या वर गेलं. ते जाऊ दे. मूळ ऑब्लिव्हियनला ५१२ एमबी रॅम पुरायची आणि साडेचार-पाच जीबी जागा. रिमास्टरला १६ जीबी रॅम, बरं ग्राफिक्स कार्ड आणि सव्वाशे जीबीच्या आसपास जागा. आणि एवढं सगळं असून उघड्या मैदानात गेम अडकत अडकत चालतो ही तक्रार पहिल्या दिवसापासनं आहेच. आमच्याकडं बरीच पोरं ऑफिसमधनं निघालेली जुनी मशीन घेऊन खेळत्यात, शाहूपुरीत नाहीतर पुण्यासनं कुणीतरी आणून दिलेली. त्या मशीनवर जुना ऑब्लिव्हियन लोण्यासारखा चालतो. जुन्या गेमचा सगळ्यात मोठा गुणच हा की तो गरिबाच्या मशीनवर चालतो, आणि रिमास्टर नेमका तोच गुण काढून घेतं. म्हणून ज्याच्याकडं मशीन नाही त्याला मी सांगतो, भावा, जुना घे, सेलमध्ये किरकोळीत मिळतो. हे सांगता येतंय कारण जुना ऑब्लिव्हियन अजून दुकानात आहे. बेथेस्डानं तो काढला नाही. आणि इथंच माझ्या पत्राचा खरा विषय सुरू होतो.

तुमच्यातले बरेच जण नवा आणला की जुना काढून टाकतात. डार्क सोल्सचं रिमास्टर २०१८ ला आलं तवा पीसीवरची जुनी आवृत्ती स्टीम या ऑनलाइन दुकानावरनं विक्रीतनं गेली. फायनल फँटसीचे पिक्सेल रिमास्टर २०२१ ला यायला लागले आणि ५ आणि ६ च्या जुन्या आवृत्त्या दुकानातनं गायब. आता त्या आवृत्त्या दिसायला बेकारच होत्या, मोबाइलवरनं उचललेल्या, मी काही त्यांच्यासाठी रडत बसणार नाही, पण काय ठेवायचं काय नाही हे तुम्ही ठरवलंत, आम्हाला विचारलं नाही. निदान ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या लायब्ररीत ते राहिले. वॉरक्राफ्ट ३ रिफोर्ज्डनं तर कहर केला, आरपीजी नाही तो, स्ट्रॅटेजी आहे, पण सांगायलाच पाहिजे: २०२० च्या जानेवारीत ज्यांनी नवा घेतलाच नव्हता, फक्त जुनाच विकत घेतलेला होता, त्यांचाही गेम नव्याच्या प्रोग्रामवर ढकलला आणि चालणाऱ्या गोष्टी बंद पडल्या. म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू घरात येऊन बदलून गेले. लोकांनी बोंब मारल्यावर रिफंड दिले. जीटीएच्या तिन्ही गेमचंही तेच, २०२१ ला डेफिनिटिव्ह म्हणून काढले, जुने आधीच उचलले, नव्यात पाऊस असा की समोरचं काही दिसेना आणि दुकानांच्या पाट्यांवर स्पेलिंग चुकलेली. शेवटी माफी मागून जुने परत आणले.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, जुनं ते जुनं. तर आमचं गाव सिनेमाचं गाव आहे साहेब. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, प्रभात १९२९ ला इथंच सुरू झाली आणि मग पुण्याला गेली. त्या मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळं आज बघायलाच मिळत नाही, रिळं जळाली, खराब झाली, कुणी जपली नाहीत. नावं पाठ आहेत आम्हाला, सिनेमे मात्र नाहीत. त्यांच्याकडं निदान सबब होती, फिल्मच पेट घेणारी होती. तुमच्याकडं हार्डडिस्क आहेत, आणि तरीही आइसविंड डेल २ चा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ मजकूर, सापडेना म्हणून बीमडॉग कंपनीला त्याची एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, करताच आली नाही. २००२ चा गेम! किंगडम हार्ट्स पण २००२ चाच, त्याचा मूळ डेटा हरवला म्हणून एचडी करताना बरंच परत बनवायला लागलं. मास इफेक्ट लेजंडरी एडिशनमध्ये तिन्ही गेम आणि चाळीसच्या वर डीएलसी, म्हणजे नंतर जोडलेले जादा भाग, दिले, लई मोठं काम, पण पिनॅकल स्टेशन नावाचा एक डीएलसी नाही, कारण त्याच्या कोडचा बॅकअपच खराब निघाला. स्वतःच्या घरातली वस्तू तुम्हाला सांभाळता येत नाही आणि दुकानातली जुनी प्रत काढून टाकायची घाई मात्र आहे.

मग सांभाळलं कुणी? आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी. व्हँपायर द मास्करेड ब्लडलाइन्स २००४ ला अर्धाकच्चा बाहेर आला, पुढच्याच वर्षी ट्रॉइका कंपनी बंद पडली. त्याचं पॅचिंग, म्हणजे चुकांची दुरुस्ती, जर्मनीतला एक माणूस नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं करत बसलाय, फुकट. आज जीओजी या ऑनलाइन दुकानात तो गेम घेतला तर तो पॅच आतच मिळतो. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ घाईत काढला होता, कापून टाकलेला भाग चाहत्यांनी फाइलींमधनं शोधून परत जोडला. पुढं २०२२ ला तो गेम निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला तवा तोच जोडलेला भाग डीएलसी म्हणून देऊ असं जाहीर केलं, आणि २०२३ ला सांगितलं की जमत नाही. पोरांनी फुकट केलेलं काम कंपनीला पोचवताही आलं नाही! पिक्सेल रिमास्टरचा तो बारीक, दाटीवाटीचा फॉन्ट आठवतोय? लोकांनी पीसीवर तो आधीच बदलून घेतला होता, तुम्ही २०२३ ला कन्सोलवर काढताना फॉन्टचा पर्याय दिलात. म्हणून रिमास्टर घेण्याआधी मी पोरांना सांगतो की आधी बघ जुन्यावर मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेले बदल, काय काय आहेत, अर्धा तास खटपट करायची तयारी असली तर कित्येकदा रिमास्टरची गरजच पडत नाही. ज्याला खटपट जमत नाही किंवा संसारामुळं वेळ नाही, त्यानं पैसे द्यावेत, त्यात काही कमीपणा नाही. माझं स्वतःचं आता तसंच झालंय.

रिफंडचं पण बोलू. स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलं असेल तर पैसे परत. चांगला नियम आहे, पण आरपीजीला दोन तास म्हणजे काय? ऑब्लिव्हियनमध्ये नाक-गाल सरकवत तोंड बनवण्यातच माझा बराच वेळ गेला, आणि तरी शेवटी कॅरेक्टर आमच्या गल्लीतल्या एका काकांसारखंच दिसतंय. मग तुरुंग, मग राजा येणार, मग गटारातनं चालत बाहेर, आणि बाहेर पडल्यावर कुठं ते तळं आणि पलीकडचे पडके खांब दिसतात आणि गेम सुरू होतो. अडकत चालतो का नाही हे त्या मैदानात गेल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर घड्याळ निम्मं संपलेलं असतं. १९९७ ला फॉलआउटचा डेमो यायचा, त्यातलं गाव तर मूळ गेममध्ये नव्हतंच, खास डेमोसाठी केलेलं. तुम्हाला आज गटाराबाहेरचा अर्धा मैल डेमो म्हणून देता येत नाही?

आणखी एक, नाव नाही घेत. एका कंपनीचं रिमास्टर मी सेलमध्ये घेतलं, एकट्यानं खेळायचा गेम, स्टोरीवाला. तो स्टीमवरनं उघडला की आधी कंपनीचा वेगळा लाँचर उघडतो, त्याला अपडेट पाहिजे, मग लॉगिन, मग फोनवर कोड. पावसाळ्यात आमच्याकडं नेट जातं, लाईट असते पण नेट नसतं, खेळायला एवढी भारी वेळ दुसरी नाही. आणि हा बसलाय गोल गोल फिरत. पंचवीस वर्षांपूर्वीचा मूळ गेम सीडी घातली की चालायचा. हे रिमास्टर म्हणायचं का काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आता भाव. ज्यानं जुना घेतलाय त्याला तुम्ही काय देता? विचर बघा. पहिल्या विचरची एन्हान्स्ड एडिशन २००८ ला आली, जुन्या गिऱ्हाइकांना फुकट. विचर ३ चं नवं रूप २०२२ च्या डिसेंबरात, परत फुकट. स्कायरिम स्पेशल एडिशन २०१६ ला ज्यांच्याकडं पीसीवर सगळे डीएलसी होते त्यांना फुकट. डार्क सोल्सच्या जुन्या पीसीवाल्यांना निम्म्या किमतीत दिलं होतं, हेही सांगतो, फक्त वाईटच सांगणार नाही. म्हणजे जमतं. ज्या गेमनं आधीच धंदा करून दिलाय त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला पूर्ण भाव लावायचा म्हणजे नातेवाइकाकडनं जेवणाचे पैसे घेण्यातला प्रकार झाला. आणि भारतात भाव लावताना डॉलरला गुणाकार करून मोकळं होऊ नका. शिरोलीच्या एमआयडीसीत नव्यानं लागलेल्या पोराचा पगार बघा आणि मग आकडा टाका.

बाल्डर्स गेटचं सांगायचं राहिलं. १९९८ चा मूळ, बीमडॉगची एन्हान्स्ड एडिशन २०१२ ची. त्यांनी घातलेली नवीन माणसं मला फारशी आवडली नाहीत, जुन्या मंडळींत ती पाहुण्यांसारखी वाटत्यात. पण मोठ्या स्क्रीनवर नीट दिसतो, मोबाइलवर चालतो, म्हणजे एसटीत बसून कोल्हापूर ते पुणे गुहा साफ करता येते, आणि जीओजीवर ही एडिशन घेतली की १९९८ चा मूळ गेमही सोबत मिळतो. ज्याला नवं पाहिजे त्यानं नवं खेळावं, ज्याला जुनं पाहिजे त्यानं जुनं. कुणाचं काही बिघडलं? पोरांनी विचारलं की बाल्डर्स गेट, डियाब्लो आणि सेलमध्ये मास इफेक्ट, एवढ्यांना मी डोळे झाकून होय म्हणतो. ऑब्लिव्हियनला मशीन बघून. बाकीच्यांना, जुना दुकानात आहे का बघ आधी, मग बोलू.

तेव्हा मागणं एवढंच आहे की नवा आणला तरी जुना विक्रीत ठेवा, नाहीतर नव्याच्या सोबत द्या. जुन्या गिऱ्हाइकाला भाव कमी करा. डेमो द्या. आणि लॅनचं बघा जरा, त्या चौघांतले तिघं अजून इथंच आहेत, रविवारी मोकळे असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना गिऱ्हाईक,
राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क.: बेथेस्डावाल्यांनो, फॉलआउट ३ चं रिमास्टर तुमच्या डोक्यात आहे हे २०२३ ला अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांतनं सगळ्यांना कळलेलं आहे, तेव्हा लपवायचं काही कारण नाही. २००८ चा मूळ गेम वर्षानुवर्षं विंडोज १० वर धड उघडत नव्हता, त्यात गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेचं लचांड होतं, ते तुम्ही २०२१ ला काढलंत. नवा आणाल तवा खुशाल आणा, पण जुन्याच्या पानावरचं खरेदीचं बटण तसंच राहू दे.